पाठपुराव्याचा खर्च कुठल्या खात्यावर?

जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून सेलूला आलेले वकील, लेखापाल, करसल्लागार व संस्थाचालक मित्रहो,

अध्यक्षाने आधी आभार मानायचे आणि मग आपण या खुर्चीला कसे अपात्र आहोत हे सांगायचे, असा रिवाज आहे. आभार मानतो. दुसरा भाग तुमच्यावर सोपवतो.

आज सकाळी आपल्यापैकी बरेच जण सेलू स्टेशनावर उतरले. ही ब्रॉडगेज आपल्याला कुणी सहज दिलेली नाही. मनमाडपासूनचा मीटरगेज मार्ग बदलावा म्हणून गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद वर्षानुवर्षे मागे लागले होते. घटनेच्या ३७१(२) कलमाखालचे मराठवाड्याचे विकास मंडळ १९९४ मध्ये आले, त्यामागेही हाच रेटा होता. याचा आपल्याला अभिमान आहे. पण दिल्लीत एखाद्या उद्योगसंघाने असेच खेटे घातले की आपण नाक मुरडतो. माझ्या मते दोन्हींना एकच कसोटी लावली पाहिजे. समाजाने करात सवलत दिलेली संस्था सरकारदरबारी काय मागते, कुणासाठी मागते आणि त्यापायी किती पैसा घालवते, हे समाजाला दिसले पाहिजे.

हा वाद मराठी माणसाला नवा नाही. टिळकांच्या निधनानंतर उभ्या राहिलेल्या केसरी-मराठा ट्रस्टचे प्रकरण १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. त्यातली गंमत बघा. धर्मादाय आयुक्तांचे म्हणणे, तुमचा न्यास धर्मादाय आहे, नोंदणी करा. विश्वस्तांचे म्हणणे, आमचा हेतू राजकीय आहे, आम्ही धर्मादाय नाहीच! न्यायालयाने बहुमताने विश्वस्तांचे ऐकले. टिळकांच्या धोरणानुसार राजकीय शिक्षण देणे हा राजकीय हेतू ठरला आणि राजकीय हेतू धर्मादायात बसत नाही, हे पक्के झाले.

मग सरकारकडे काही मागणाऱ्या प्रत्येक संस्थेची करमाफी गेली का? तसे नाही. पुढे थोड्याच वर्षांत आंध्र चेंबर ऑफ कॉमर्सचा खटला आला. व्यापारावर परिणाम करणाऱ्या कायद्यांना पाठिंबा देणे किंवा विरोध करणे, हे चेंबरच्या घटनेतच लिहिलेले होते. न्यायालय म्हणाले, मुख्य उद्देश व्यापाराची वाढ हा आहे, कायद्याबद्दल बोलणे त्याला जोडून येते, तेवढ्याने करमाफी जात नाही. मुख्य काय आणि आनुषंगिक काय, ही कसोटी आजही आपल्या कामाची आहे. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले, हा प्रश्न काही बदलला नाही.

परदेशी पैशाचे शास्त्र वेगळे आहे. परदेशी देणग्यांबाबतच्या २०११ च्या नियमांत बंद, हरताळ, रास्ता रोको करणाऱ्या संघटनेला राजकीय स्वरूपाची ठरवण्याची सोय होती. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला आवर घातला. पक्षीय राजकारणाशी संबंध नसताना केवळ लोकांच्या प्रश्नावर आंदोलन केले म्हणून परदेशी देणगीचा मार्ग बंद करता येणार नाही, असा त्याचा आशय. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कायदा दुरुस्त होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. लहान संस्थांचे कंबरडे मोडले ते तिथे.

लॉबिंगचा असा स्वतंत्र कायदा मात्र आपल्याकडे नाही. कलिकेश सिंह देव यांनी २०१३ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक आणले होते, त्याचे पुढे काही झाले नाही. अमेरिकेत १९७६ पासून धर्मादाय संस्थांना मोजपट्टीचा पर्याय आहे. पहिल्या पाच लाख डॉलर खर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत लॉबिंग चालते, पुढे टक्का उतरत जातो आणि एकूण मर्यादा दहा लाख डॉलर. ही मोजपट्टी जशीच्या तशी इथे आणावी असे मला वाटत नाही. ज्यांच्याकडे मोजण्याइतका पैसा आहे, त्यांचे आपल्याकडचे लॉबिंग वहीत सापडतच नाही.

का सापडत नाही, ते सांगतो. विनाअनुदानित शाळेच्या टप्पा अनुदानासाठी दोन विश्वस्त आणि मुख्याध्यापक देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला जातात. मंत्रालयाच्या पासाची रांग, कक्ष अधिकाऱ्याचे टेबल, ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’, रात्री परतीची गाडी. व्हाउचरवर लिहितात : प्रवास व किरकोळ. न्यासाच्या शेड्यूल नऊमध्ये, म्हणजे उत्पन्न-खर्चाच्या पत्रकात, उद्देशांवरील खर्चाचे रकाने आहेत : धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, दारिद्र्य निवारण, इतर धर्मादाय. शासनाकडच्या पाठपुराव्याला रकानाच नाही. तो आस्थापनेत विरघळतो आणि लेखापरीक्षक, म्हणजे आपणच, त्यावर सही करतो.

लहान शाळेचे निदान व्हाउचर तरी असते. मोठ्या शिक्षणसंस्थेला मंत्रालयात जावेच लागत नाही, मंत्रालयच संस्थेच्या अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेले असते. आमदाराने विश्वस्त होऊ नये असे कायदा म्हणत नाही आणि म्हणूही नये. नाहीतर महाराष्ट्रातल्या निम्म्या संस्था पोरक्या होतील! पण मागणारा आणि देणारा एकच असला की दबाव, निवेदन, शिष्टमंडळ यांतले काहीच लागत नाही, आणि कुठलाही लॉबिंग कायदा त्याच्यापर्यंत पोचत नाही.

सरकारला जाब विचारणाऱ्यांनाही सूट नको. भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी करणाऱ्या सावंत आयोगाने २००५ च्या अहवालात मंत्र्यांवर ठपके ठेवले, तसेच अण्णा हजारे यांच्या हिंद स्वराज ट्रस्टच्या पैशातून वाढदिवसाच्या सोहळ्यावर झालेल्या खर्चावरही ठेवले. माहिती अधिकारासाठी महाराष्ट्र हलवणाऱ्या माणसाच्या न्यासाची वही तपासली गेली, हे मला योग्यच वाटते.

म्हणून दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. धर्मादाय आयुक्तांनी शेड्यूल नऊमध्ये ‘शासनाकडील पाठपुरावा’ असा वेगळा रकाना द्यावा. ताळेबंदासोबत त्या वर्षी दिलेल्या निवेदनांच्या प्रती आणि विश्वस्त मंडळाच्या ठरावाचा क्रमांक जोडावा. जो विश्वस्त लोकप्रतिनिधी आहे, त्याच्या पदाचा उल्लेख त्याच पानावर असावा. यासाठी विधिमंडळात नवा कायदा लागेल असे मला वाटत नाही, नियमांतल्या दुरुस्तीने भागावे. ठरावाला सूचक मी आहे, अनुमोदक अजून मिळालेला नाही. जेवणाच्या सुट्टीत ज्यांची तयारी असेल त्यांनी भेटावे. आमदार विश्वस्त असलेल्या संस्थेचे ऑडिट करणारा कुणी पुढे आला तर अधिक बरे.