किडनी दुखत नाही, म्हणूनच तपासा
(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात दिलेले भाषण)



मी डॉक्टर असल्यामुळे लिफ्टमध्ये बरेचदा एक प्रश्न ऐकतो : "डॉक्टर, कंबर दुखतेय, किडनी तर नसेल ना?" बहुतेक वेळा ते दुखणं पाठीच्या स्नायूंचं असतं. मुतखडा किंवा जंतुसंसर्ग असेल तर किडनी दुखते, नाही असं नाही. पण मधुमेह आणि ब्लडप्रेशरमुळे जी किडनी हळूहळू निकामी होते, ती अजिबात दुखत नाही. आज मला सांगायचंय ते एवढंच.

प्रत्येक किडनीत सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला जवळजवळ १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं बहुतेक सगळं परत रक्तात घेतात आणि साधारण दीड लिटर लघवी बाहेर टाकतात. शिवाय ब्लडप्रेशर सांभाळणं, रक्त तयार व्हायला मदत करणं, हाडं मजबूत ठेवणं ही कामंही त्यांचीच. म्हणून किडनी बिघडली की बीपी चढतं, रक्त कमी होतं, थकवा येतो. आपण म्हणतो, "वय झालं!"

गाळण्या बंद पडू लागल्या की उरलेल्या जास्त काम करतात, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. माझ्याकडे एक गृहस्थ आले. १२ वर्षांचा मधुमेह. साखर नियमित तपासायचे, पण लघवीतली प्रथिनं एकदाही तपासली नव्हती. पाय सुजले, जिना चढताना दम लागला, तेव्हा आले. तोवर किडनीचं काम ११ टक्क्यांच्या आसपास उरलं होतं. आज आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, त्यांचं डायलिसिस चालतं. बरोबर घरातलं कुणीतरी लागतंच. म्हणजे आजार एकाचा, पण वेळापत्रक सगळ्या घराचं बदलतं.

तुम्ही म्हणाल, "आमचं क्रिएटिनिन नॉर्मल आहे." इथेच गफलत होते. समजा, क्रिएटिनिन १.२ आहे. २५ वर्षांच्या नातवाला ते चालेल. त्याचा गाळण्याचा वेग साधारण ८६ येतो. तेच १.२ सत्तरीच्या आजीचं असेल, तर वेग ४९ च्या आसपास येतो. तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला, तर तो किडनीचा जुनाट आजार धरतात. म्हणून रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या जोडीला 'ई-जीएफआर' लिहिलेला असतो, तोही वाचा.

दुसरी तपासणी लघवीची : अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो. हा ३० च्या आत हवा. मधुमेहात गाळणी झिरपू लागली, की बरेचदा क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी इथे कळतं. तेव्हा उपाय हातात असतात. बीपीच्या काही गोळ्या ही गळती कमी करतात, मधुमेहाची काही नवी औषधं किडनीची झीज मंदावतात. गेलेल्या गाळण्या परत येत नाहीत, पण उरलेल्या वर्षानुवर्षं टिकवता येतात.

आता थोडं घरगुती. गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने रोज घेऊ नका. जुलाब-उलट्या चालू असताना तर मुळीच नको. ज्यात काय आहे ते लिहिलेलं नाही, अशी पुडी कुणी कितीही प्रेमाने दिली तरी घेऊ नका. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, त्यात पापड, लोणचं, फरसाणही आलं. आणि "भरपूर पाणी प्या, किडनी साफ होते" हा सल्ला सगळ्यांना लागू नाही. मुतखडा असणाऱ्यांना तो उपयोगी आहे. अंगावर सूज असेल, तर जास्त पाणी त्रासदायक ठरतं.

ज्यांना मधुमेह किंवा बीपी आहे, साठी उलटली आहे, किंवा घरात कुणाला किडनीचा आजार आहे, त्यांनी वर्षातून एकदा या दोन तपासण्या कराव्यात. आपापल्या वाढदिवसाच्या महिन्यात करा, म्हणजे विसरायला होणार नाही. रिपोर्ट मात्र कपाटात ठेवू नका, आपल्या डॉक्टरांना दाखवा.