गोठ्यातले यंत्र आणि गोठ्यातला माणूस



संयोजकांनी आम्हांस विषय नेमून दिला तो ‘पशुवैद्यकातील नवी साधने’ असा. आम्ही पशुवैद्य नव्हे. महाविद्यालयाची पायरीही आम्ही चढलेलो नाही. कामगारांच्या सभा, मागण्यांचे अर्ज आणि सार्वजनिक वाचनालयातली पुस्तके एवढ्यावर आमचे शिक्षण झाले. तेव्हा औषधाची फोड करून सांगणे एखाद्या डॉक्टरांना अधिक शोभले असते. परंतु तबेल्यात काम करणाऱ्या माणसांशी आमचा संबंध पुष्कळ वर्षांचा आहे, आणि नवे यंत्र आले म्हणजे त्याच्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाचे काय होते, हा तर आमच्या धंद्यातला पहिला धडा. त्या बाजूने चार गोष्टी सांगतो.

कल्याणकरांना तबेले म्हणजे काय हे सांगावयास नको. दुर्गाडीकडे, रेतीबंदराला, गोविंदवाडीला म्हशी आहेत. पावसाळ्यात भरती आणि पूर एकदम आले की त्याच म्हशी रस्त्यावर आणून बांधाव्या लागतात, आणि मग आपण वर्तमानपत्रात त्यांचे छायाचित्र पाहतो. एरवी त्या आपणांस दिसत नाहीत. आपण उठण्यापूर्वी दूध दाराशी आलेले असते, आणि ते काढणारा माणूस तोवर शेणाच्या पाट्या उचलावयास लागलेला असतो.

आता, ‘नवी साधने’ म्हटली की लोकांना वाटते की ही कालपरवाची गोष्ट. तसे मुळीच नाही. परळला मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १८८६ साली. जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि पुढे हिमालयात मुक्तेश्वरला गेली. तिचा मुख्य शत्रू होता बुळकांड्या. आजच्या तरुणांनी हा शब्दही ऐकला नसेल, आणि न ऐकला हेच त्या कामाचे यश. ज्या गावात बुळकांड्या शिरे त्या गावचे गोठे आठपंधरा दिवसांत रिकामे होत. मुक्तेश्वरला लस तयार झाली, १९५४ पासून देशभर टोचणीची मोहीम चालली, २००६ साली भारत ह्या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले आणि २०११ मध्ये सबंध जगातून तो नाहीसा झाला. माणसाने पृथ्वीवरून समूळ घालविलेले रोग दोनच: एक देवी, दुसरा हा. हे काम प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांचे, तसेच लशीची पेटी खांद्याला लावून पायी हिंडणाऱ्या शेकडो साध्या टोचणीवाल्यांचेही. पुस्तकांतून त्यांची नावे सापडत नाहीत.

तथापि आम्हांस अधिक वेळ घालवावयाचा आहे तो शहरी तबेल्याच्या एका जुन्या दुखण्यावर. मुंबई आणि तिच्या आसपासच्या तबेल्यांचा हिशेब पहिल्यापासून एकच आहे. हरियाणा, गुजरात अशा प्रांतांतून नुकतीच व्यालेली म्हैस आणावयाची, ती आटेपर्यंत दूध काढावयाचे, आटली की विकावयाची. शहरात जागा महाग, वैरण महाग. भाकड म्हैस आठदहा महिने पोसणे मालकाला परवडत नाही, आणि पारडू पोसणे तर नाहीच. रेडकू असेल तर त्याला कोणी विचारीत नाही. हे थांबावे म्हणून १९४९ साली गोरेगावला आरे वसाहत उभारली गेली. दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी त्यासाठी जिवाचे रान केले. तबेले वसाहतीत गेले, परंतु हिशेब बराचसा तोच राहिला.

पारडू मेले की म्हैस पान्हा सोडीत नाही. मग बाटलीतले ऑक्सिटोसिन येते. हे औषध मुळात चांगले; अडलेल्या बाळंतिणीला डॉक्टर तेच देतात. परंतु दररोज दोन वेळा म्हशीला सुई टोचून पान्हा काढणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या १२ व्या कलमाखाली गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि जनावर सरकारजमा होते. आणि सुई कोणाच्या हातात असते? मालकाच्या नव्हे. गडी पकडला जातो. हे आम्ही सभेत बोललो की मालकमंडळींना राग येतो, येवो.

ह्या जुन्या दुखण्यावर आता एक नवे औषध आले आहे. कृत्रिम रेतन आपल्याकडे नवीन नाही. उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये बाएफ ही संस्था काढली, आणि उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नत्रवायूत गोठविलेल्या वीर्यकांड्या मोटारसायकलवरून शेतकऱ्याच्या दारात नेण्याची पद्धत तिने रुजविली. आता त्याच कांड्या निवडून भरता येतात. मादी निपजविणाऱ्या शुक्रबीजात वंशद्रव्य तीनचार टक्के अधिक असते. त्यास रंग देऊन लेसरच्या प्रकाशातून एकेक बीज पुढे सोडले की यंत्र ते ओळखून बाजूला काढते. अशा कांडीने दहापैकी सुमारे नऊ वेळा पारडी किंवा कालवड होते. शेतातला बैल ट्रॅक्टरने घालविला, तेव्हापासून नको असलेला नर जन्मासच येऊ नये अशी ही योजना. उपाय खरा आहे. पण तबेल्यात त्याचा उपयोग तेव्हा, जेव्हा मालक म्हैस पुन्हा गाभण होईपर्यंत ठेवील आणि पारडी वाढवील. ती जागा आणि ती वैरण कांडीबरोबर येत नाही.

दुसरे साधन गळ्यातल्या पट्ट्याचे. एका मोठ्या गोठ्यात आम्ही तो पाहिला. पट्ट्यातली डबी म्हशीच्या मानेची हालचाल मोजते. निरोगी जनावर दिवसाचे सातआठ तास रवंथ करते. रवंथ कमी झाले की मालकाच्या मोबाइलवर सूचना जाते. म्हशीचा माज मुका असतो, त्यातून उन्हाळ्यात तर तो रात्रीबेरात्री येऊन जातो. डबी तोही ओळखते म्हणतात. आम्हांस हे यंत्र आवडले, हे स्पष्ट सांगतो. यंत्राला शिव्या देणे ही कामगार चळवळीची रीत नव्हे. १९२८ साली मुंबईचा गिरणी कामगार सहा महिने संपावर राहिला तो माग फोडण्यासाठी नव्हे. दोनाऐवजी तीन माग एकाच माणसाने चालवावेत, पण वाचलेल्या मजुरीतला वाटा त्याला मिळू नये, आणि बाकीच्यांनी घरी जावे, ह्या हिशेबाविरुद्ध.

त्या गोठ्याच्या मालकांनी आम्हांस सांगितले की आता रात्रपाळीला चार गडी नकोत, दोन पुरे. आम्ही तिथल्या म्हाताऱ्या गड्याला विचारले, ‘बाबा, तुम्हांला म्हैस बिघडली हे कसे कळते?’ तो म्हणाला, ‘धार हाताला जड लागते. कास एका बाजूला ऊन लागते. वळून बघायची ती बघत नाही.’ दगडीचा रोग कासेत शिरला की तो हाताला आधी कळतो. पट्टा मानेला बांधलेला, कासेला नव्हे. सूचना मोबाइलवर आली तरी उठून त्या म्हशीपाशी जाणारा, तिला वळविणारा, डॉक्टर येईपर्यंत तिला धरून ठेवणारा माणूस लागतोच. तेव्हा आमचे म्हणणे एवढेच होते की ती सूचना गड्याच्याही मोबाइलवर यावी, त्यास ती वाचावयास शिकवावे, आणि ह्या शिकलेल्या कामाचा दर वेगळा ठरावा. त्यावर बोलणी चालू आहेत.

आता ज्यासाठी हा विषय आम्ही घेतला ते सांगतो. पूर्वांचलातून आलेला एक दूध काढणारा गडी, वय पस्तिशीचे, तीन महिने तापाने हैराण होता. संध्याकाळी ताप चढे, रात्री घामाने अंथरूण भिजे, सांधे धरत. आधी मलेरियाचे औषध झाले, मग टायफॉइडचे. अखेर एका तरुण डॉक्टरांनी विचारले, ‘काम काय करता?’ तोवर हा प्रश्न कोणी केलाच नव्हता. रक्त तपासले तेव्हा ब्रुसेलोसिस निघाला. पशुवैद्य जनावराच्या बाबतीत ह्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. काही आठवड्यांपूर्वी एक म्हैस गाभडली होती आणि ह्याने तिची अडकलेली वार उघड्या हाताने काढली होती. हा रोग १८८७ मध्ये माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस यांनी ओळखला. १९०५ मध्ये झमिट यांनी तो शेळीच्या दुधातून येतो हे दाखविले. म्हणजे ज्ञान शतकाहून जुने. औषधही आहे, सहा आठवडे दोन गोळ्या. नव्हते ते हातमोजे.

२०१९ पासून केंद्र सरकारच्या मोहिमेत लाळ्या-खुरकुताबरोबर ह्याही रोगाची लस दिली जाते. ती चार ते आठ महिन्यांच्या पारडीला एकदाच टोचावयाची असते. पण आपल्या तबेल्यात पारड्या वाढतच नाहीत. म्हैस येते ती बाहेरून, व्यालेली. तिला तिच्या गावी लस मिळाली होती की नाही हे इथे कोणास ठाऊक? इथे कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचे महत्त्व आहे. त्यावर बारा आकडी क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाखाली लस, रेतन, औषधोपचार यांची नोंद सरकारी यंत्रणेत राहते. बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करू नये असा राज्य सरकारचा आदेश २०२४ मध्ये निघाला; मुरबाडजवळ पौषात भरणाऱ्या म्हशाच्या यात्रेसारख्या बाजारांनाही तो लागू आहे. आदेश नीट पाळला गेला तर म्हैस गाडीतून उतरण्यापूर्वी तिची कुंडली पाहता येईल. आम्हांस ह्या बिल्ल्यात सर्वांत मोठी आशा दिसते.

त्या गड्याची ती म्हैस मात्र दलालाने आठ दिवसांत विकली. ती कोणत्या गोठ्यात गेली, तिथे वार कोणी काढली, हे शोधता आले नाही.

जनावरे हाताळण्याच्या कामातून जडलेला संसर्गजन्य रोग हा व्यवसायजन्य रोग आहे, हे १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात होते आणि आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीतही आहे. म्हणजे भरपाईचा हक्क आहे. पण हक्क मागताना पहिला प्रश्न येतो: तुम्ही तिथे कामाला होता ह्याला पुरावा काय? हजेरीपत्रक नाही, पगारचिठ्ठी नाही. म्हशीला बारा आकडी क्रमांक आहे. ती आजारी पडली तर १९६२ ह्या क्रमांकावर दूरध्वनी करून फिरता दवाखाना बोलाविता येतो. लाख जनावरांमागे एक गाडी, त्यात पशुवैद्य, सहायक आणि चालक, अशी ती योजना आहे, आणि ती चांगली आहे. (तीवरची माणसे कंत्राटी आहेत, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय.) गड्याला कसलाच क्रमांक नाही.

मुंबईत महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा न्यासाचे पाच मजली पशुरुग्णालय उघडले. कुत्र्यामांजरांसाठी तिथे सीटी स्कॅन आहे, एमआरआय आहे. काही मंडळी ह्यावर नाक मुरडतात. आम्ही मुरडीत नाही. मुक्या जीवाचे दुखणे कमी झाले तर ते चांगलेच.

आमच्या युनियनने कल्याणच्या तबेलेमालकांपुढे चार मागण्या ठेवल्या आहेत: कोपरापर्यंतचे हातमोजे आणि गमबूट, गाभडलेल्या म्हशीची वार कामगाराने उघड्या हाताने न काढणे, सहा महिन्यांनी प्रत्येक गड्याची रक्ततपासणी, आणि हजेरीपत्रक. आजपर्यंत सात गोठ्यांत हातमोजे आले. तीन गोठ्यांत वार काढण्यासाठी पशुवैद्यांना बोलावू लागले आहेत. रक्ततपासणी एकाने मान्य केली आहे, पुढच्या महिन्यापासून. हजेरीपत्रकाविषयी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता बैठक आहे. ज्यांच्या घरी ह्या तबेल्यांचे दूध येते अशा श्रोत्यांपैकी कोणी आले तर आम्हांस ते हवेच आहेत.