कापलेला शेवट

(शिक्षक व युवक कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



विद्यार्थ्यांना बातमी पारखायला कशी शिकवावी, या विषयावर मी बोलावे अशी संयोजकांची इच्छा आहे. हा विषय नव्या यंत्रांचा आहे, अशी अनेकांची समजूत दिसते. मी सुरुवात मात्र एका गावापासून करणार आहे.

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. १ जुलै २०१८ रोजी, आठवडे बाजाराच्या दिवशी, तेथे जमावाने पाच माणसांना ठार मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसे, बहुतेक मंगळवेढ्याकडची. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या दिवसांत मोबाईलवरून हातोहात जात होते. ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन त्यांना मारण्यात आले. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेपेची शिक्षा दिली. म्हणजे दोन्हीकडची घरे उद्ध्वस्त झाली, आणि दोन्हीकडची घरे गरिबांचीच होती. संदेश रचणाऱ्याचे काय झाले, हे विचारायला कोणी उरले नाही.

त्या उन्हाळ्यात देशाच्या अनेक भागांत एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या पोरांपैकी एकाला उचलतात आणि पसार होतात. ही फीत मुळात कराचीतील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी काढली होती. मूळ फितीत तेच दोघे परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि मूल पळवणे किती सोपे आहे हे सांगणारा फलक कॅमेऱ्यापुढे धरतात. एवढाच शेवट कोणीतरी कापला. फीत खोटी नव्हती. ती अपुरी होती. आपल्या शाळांत खरे की खोटे एवढेच विचारले जाते. याच्या आधी काय होते, याच्यानंतर काय आहे आणि मधले कोणी काढले, हे विचारण्याची सवय मुलांना कोण लावणार?

ही सवय लावता येते. केरळातील कण्णूर जिल्ह्यात लसीविषयीच्या अफवांमुळे पालक मुलांना लस टोचू देईनात. तेव्हा तेथील प्रशासनाने २०१८ मध्ये सुमारे १५० सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे तास सुरू केले. त्याला ‘सत्यमेव जयते’ असे नाव दिले. सरकारी उपक्रमाचे कौतुक करण्याची आपल्याला सवय नाही, पण येथे ते केले पाहिजे.

तरीही माझी एक शंका आहे. फीत कोठली, छायाचित्र कधीचे, हे शोधण्याचे तंत्र शिकवून भागेल काय? राईनपाड्यात त्या पाच जणांच्या ऐवजी इस्त्रीचे कपडे घातलेले पाच अधिकारी उतरले असते, तर जमाव धावला असता का? भटक्यांकडे चोर म्हणून पाहण्याच्या नजरेला १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने राजमान्यता दिली होती. तो कायदा १९५२ साली गेला, पण नजर राहिली. अफवा आकाशातून पडत नाही. नांगरून ठेवलेल्या जमिनीतच ती उगवते. म्हणून मुलांना संदेशाविषयी प्रश्न विचारायला शिकवताना, तो आपल्याला इतक्या चटकन का पटला, हाही प्रश्न विचारायला शिकवले पाहिजे. हा तास संगणकाच्या शिक्षकावर सोपवून इतिहासाच्या शिक्षकाने मोकळे होऊ नये.

आणि दोष एकट्या मोबाईलचा नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता देशभर पोचली, तेव्हा खेड्यापाड्यांत मोबाईल कोठे होता? त्या वेळी वैज्ञानिकांनी दुधात रंग मिसळून ते मूर्तीवरून खाली कसे ओघळते हे दाखवले. कोणाच्या श्रद्धेला शिवी न देता शिकवण्याचा हा नमुना मला फार आवडतो. छापील शब्दाची तरी काय कथा! २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एका नेत्याच्या स्तुतीचा एकच मजकूर परस्परांच्या स्पर्धक मराठी दैनिकांत शब्दशः छापून आल्याचे पी. साईनाथ यांनी उघडकीस आणले. पेड न्यूज हा शब्द तेव्हापासून आपल्या तोंडी बसला. नववीच्या वर्गात एकाच दिवसाची तीन वर्तमानपत्रे शेजारीशेजारी ठेवावीत आणि मुलांना तासभर ती वाचू द्यावीत. खर्च पंचवीस रुपयांच्या आतबाहेर. कोणती बातमी तिन्हीकडे आहे, कोणती एकाकडेच आहे आणि गावातला कोणता प्रश्न एकाकडेही नाही, हे मुले स्वतः सांगतील.

आता थोडे आपल्याविषयी. एका थोर समाजवादी नेत्याच्या नावाचे एक वचन मी स्वतः मोठ्या उत्साहाने सर्वत्र पाठवले होते. आमच्या अभ्यासवर्गातल्या अकरावीच्या मुलाने विचारले, “सर, हे त्यांच्या कोणत्या पुस्तकात आहे?” मी आठवडाभर पुस्तके चाळली. वचन कोठेच नव्हते. विचार चांगला होता, आपल्या बाजूचा होता, म्हणून मी तो तपासला नव्हता. दुरुस्ती पाठवली, पण वचन जितक्या गटांत गेले त्याच्या निम्म्यांतही ती पोचली नाही. विरोधकाच्या थापा पकडायला आपण पोरांना हौसेने शिकवू. पण त्या मुलाने विचारला तसला प्रश्न सहन करणारे मास्तर आणि कार्यकर्ते आपल्यात किती आहेत? ज्या वर्गात शिक्षकाला उलट विचारले की उद्धटपणा ठरतो, त्या वर्गात हा विषय सुरूच होऊ शकत नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर आपण पुन्हा येथेच बसणार आहोत. प्रत्येकाने गेल्या आठवड्यात पुढे पाठवलेले तीन संदेश काढून ठेवावेत. त्यांचा उगम शोधायला शेजारच्या शाळेतली दहा-बारा मुले येणार आहेत. पहिला मोबाईल माझा घ्यावा.