उभ्या गाडीची बॅटरी कोण खातं?

गाडी पंधरा दिवस दारात उभी. स्टार्टर मारला की नुसती टकटक. आणि बॅटरी तर नवी! अशा वेळी बाहेरून बसवून घेतलेला जीपीएस ट्रॅकर एकदा तपासा.

गाडी बंद असली तरी हे यंत्र उपग्रहांचे संकेत घेतं आणि मोबाईल नेटवर्कवरून ठिकाण कळवत राहतं. समजा, ते सतत 50 मिलिअँपिअर ओढतंय. म्हणजे दिवसाला 1.2 अँपिअर-तास, पंधरा दिवसांत 18. बॅटरी 35 अँपिअर-तासांची असेल, तर निम्मी रिकामी! तळघरातल्या पार्किंगमध्ये रेंज शोधताना वापर आणखी वाढू शकतो.

चांगला ट्रॅकर गाडी थांबल्यावर 'स्लीप मोड'मध्ये जातो आणि अगदी थोडी वीज घेतो. ही सोय चालू आहे का, हे बसवणाऱ्याला विचारा. शंका असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटर लावून गळती मोजून घ्या. पण गाडी बंद करून अर्ध्या तासाने. मग ट्रॅकरचा फ्यूज काढून पुन्हा मोजा. आकडा झपकन उतरला, तर चोर सापडला. तोवर नवी बॅटरी घ्यायची घाई करू नका.