अनेकांतून एक



अमेरिकेचे कोणतेही चालू नाणे घ्या. त्यावर ‘ए प्लुरिबुस ऊनुम’ हे तीन लॅटिन शब्द आढळतील. अर्थ सरळ आहे : ‘अनेकांतून एक’. १७८२ साली तेथील काँग्रेसने राष्ट्रमुद्रा स्वीकारली, तेव्हा गरुडाच्या चोचीतील फितीवर हे शब्द आले. त्या वेळी ‘अनेक’ म्हणजे तेरा राज्ये आणि ‘एक’ म्हणजे त्यांचा संघ. ती बेरीज राज्यांची होती, माणसांची नव्हे. कारण आफ्रिकी वंशाचे लाखो लोक त्याच भूमीवर गुलामीत खितपत होते. गुलामगिरी देशभर रद्द करणारी घटनादुरुस्ती व्हायला १८६५ साल उजाडावे लागले. पुढे देशोदेशींची माणसे तेथे स्थायिक झाली आणि त्याच शब्दांत लोक नवा अर्थ वाचू लागले : अनेक वंशांचे, अनेक धर्मांचे एक राष्ट्र. १९५६ साली ‘ईश्वरावर आमचा विश्वास आहे’ या वचनाला कायद्याने राष्ट्रीय ब्रीदाचा मान मिळाला; तरी जुने लॅटिन शब्द नाण्यावरून हटले नाहीत.

नाणे वाजवून घ्यावे, ही आपली जुनी रीत. ब्रीदही तसेच वाजवून घ्यावे. त्यातल्या ‘अनेकां’त कोणाकोणाला धरले आहे, एवढे विचारले की ते खरे की खोटे, हे आवाजावरूनच कळते.