चिवटपणाचं कौतुक पुरे

पदवीधर विद्यार्थ्यांनो, थेट मुद्द्याकडे वळू या.

ताणाचा अभ्यास करणाऱ्या आपल्या विद्याशाखेला एक जुनी खोड आहे. वर्गात प्रश्नावल्या वाटायच्या, तासाभरात गोळा करायच्या आणि गुणांची बेरीज करून कोण चिवट, कोण कच्चा हे ठरवून मोकळं व्हायचं. प्रश्न परदेशातून आलेले, हिंदी-मराठीत कसेबसे उतरवलेले. उत्तरं देणारे बहुतेक कॉलेजातले. बऱ्हाणपुरात रात्रपाळीला यंत्रमागावर उभा असलेला कामगार त्या गणतीत येतच नाही. कापडाच्या मीटरवर मजुरी असली की वीज गेल्यावर मागाबरोबर त्याची कमाईही थांबते. उन्हाळ्याच्या शेवटी वादळात घडांसकट केळी आडवी झाली, तर शेतकऱ्याचा ताण दुसऱ्या दिवशी एक असतो आणि कर्जाचा हप्ता दारात आल्यावर दुसराच. त्याच्या मुलीची शाळा सुटली की टिकली, हे काही वर्षांनी पाहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. ही उपेक्षा जुनीच आहे. 1631 साली मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात याच बऱ्हाणपुरात वारली, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. त्याच सुमारास दख्खनच्या दुष्काळात बऱ्हाणपूरच्या वाटेवर माणसं अन्नावाचून मरत होती. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने ते लिहून ठेवलं, म्हणून निदान एवढं तरी कळतं.

आयुष्यभराचा अभ्यास काय दाखवतो, हे हवाई बेटांपैकी काउआईवर दिसलं. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी 1955 साली तिथे जन्मलेल्या 698 मुलांचा माग चाळिशीपर्यंत काढला. गरिबी, आजार आणि घरातली भांडणं एकदम वाट्याला आलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं धडधाकट, कर्ती माणसं झाली. किशोरवयात घसरलेल्यांपैकीही पुष्कळजण पुढे सावरले. सतराव्या वर्षीच मोजणी थांबवली असती, तर ते कायमचे वाया गेलेले ठरले असते. आपल्याकडे पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून आसपासच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रिया आणि पुढे त्यांची मुलं यांचा अभ्यास चालवला. शेतात आणि घरात जास्त कष्ट उपसणाऱ्या आयांची बाळं लहानखुरी जन्मल्याचं त्यात दिसलं. म्हणजे ताणाचा हिशेब जन्माआधीच सुरू होतो.

कुणी म्हणेल, स्वभावाचं काय? त्याच परिस्थितीत एक मोडतो, दुसरा उभा राहतो. खरं आहे, काउआईतही शांत, मनमिळाऊ मुलांना फायदा झाला. पण त्यांच्याही मागे बहुधा आजी, शेजारी किंवा शिक्षक असं एखादं धरून ठेवणारं माणूस होतं. स्वभावाला सगळं श्रेय दिलं, की मजुरी न वाढवणाऱ्याची आणि दवाखाना न उघडणाऱ्याची आयती सोय होते. याचीच मला सर्वांत जास्त धास्ती वाटते. दुसरा आक्षेप वेळेचा: तीस वर्षं कोण थांबणार, पैसा कोण देणार? मोठ्या अनुदानाची वाट पाहत बसू नका. अंगणवाडीत मुलांची वजनं लिहिली जातात, शाळेत पटाची नोंद असते. योग्य परवानगी घेऊन, नावं गुप्त ठेवून, एका मोहल्ल्यापासून सुरुवात करता येईल.

माझी एवढीच विनंती आहे: पुढच्या वर्षी त्याच घरी पुन्हा जा. त्या माणसाने किती सोसलं हे विचारा, आणि त्याच्या पाठीशी कोण होतं, हेही लिहून घ्या.