गाणारणीचं नाव कुठलं सांगायचं?

मागच्या महिन्यात आम्ही गटातल्या चौघी मालवणजवळच्या एका वाडीत गेलो आणि एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर भरून आणल्या. घरचं दळण कधीच बंद झालं, पण खुंट्याला हात लागला तसा आजींचा गळा सुटला. अडलं ते नावापाशी.

आधारकार्डावर होतं तेच आम्ही रेडिओवर सांगितलं. म्हणजे लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेलं नाव, मग नवऱ्याचं, मग सासरचं आडनाव. कार्यक्रम लागला तेव्हा आजी समोरच बसल्या होत्या. नाव ऐकून मानसुद्धा हलली नाही! माहेरच्या भावाला नंतर ऐकवलं, तर त्याने आवाज ओळखला, नाव नाही. वाडीत त्यांना माहेरच्या गावावरून सगळे वेंगुर्लेकरीणच म्हणतात. आम्ही विचारलं, तर म्हणाल्या, "ता नाव राशनकार्डाचा गो. गाणी माज्या आवशीची."

आम्ही गप्पच झालो. खरंच, ओव्या माहेरी शिकलेल्या, आणि नाव मात्र सासरचं.

शेजारच्या गोव्यात बघा. केरी गावच्या म्हणून केसरबाई केरकर, कुर्डीच्या म्हणून मोगूबाई कुर्डीकर. कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्यात गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की तेवढं दिसतं. पण मोगूबाईंच्या नावात ते अजून आहे. केसरबाईंचं गाणं तर १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलं, तेही केरकर याच नावानं. आणि साध्या बायांचं म्हणाल, तर हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या एक लाखावर ओव्या गोळा केल्या, त्यात गाणारणींची नावं आणि गावंही नोंदली. नाहीतर सगळं 'पारंपरिक' म्हणून एका शब्दात उरकलं असतं.

आता आम्ही असं ठरवलंय. मानधनाच्या कागदावर पासबुकातलंच नाव, नाहीतर पैसे अडकतात. रेडिओवर मात्र आधी माहेरचं नाव आणि गाव, मग सासरचं. आजींची सून जरा रुसली, "आमच्या घराचं नाव मागे का?" म्हणून. तिचंही चुकलं नाही, चहापाणी तिनेच केलं होतं. तिचं नावही आम्ही घेतलं.

पुढच्या वेळी मोबाईल सुरू करण्याआधीच विचारणार आहोत, "आजी, तुमका कुठल्या नावान हाक मारूची?" तुमच्या गटातही कुणी गाणारी असेल, तर तिला विचारा आणि आम्हाला कळवा.